पॅसेज वाचायचाच असतो

‘रीडिंगमध्ये पॅसेज वाचायचा नसतो, सोडवायचा असतो.’ आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासचं डेमो लेक्चर ऐकलेल्यांना हे वाक्य नवं नाही. ते पहिल्या दहा मिनिटांत येतं आणि समोर बसलेल्या पोरांना हायसं वाटतं. वाचायचं नाही म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? मग फळ्यावर पद्धत येते. आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला कीवर्ड पेन्सिलीने अधोरेखित करा. तो शब्द, किंवा त्याचा समानार्थी, उताऱ्यात शोधा. सापडला की आजूबाजूची ओळ बघा, उत्तर लिहा, पुढे चला. सोबत व्होकॅबच्या झेरॉक्स, रोजचे पन्नास शब्द. आणि शेवटच्या महिन्यात पेपरांमागून पेपर.

या पद्धतीत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर ती खपते. प्रश्नांवर आधी नजर टाकणं वाईट नाही. शब्द पाठ करणं हेही पाप नाही. पण ही सगळी हत्यारं ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याच्या कामाची आहेत, आणि ती विकली जातात वाचता न येणाऱ्याला. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

आधी परीक्षेचा हिशेब मांडू. अकॅडमिक रीडिंगमध्ये 3 उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं असतात. तिन्ही उताऱ्यांचे मिळून 2150 ते 2750 शब्द. कागदावरच्या परीक्षेत लिसनिंगची उत्तरं उतरवायला जादा 10 मिनिटं मिळतात, रीडिंगला तीही नाहीत. साधारण 23 उत्तरं बरोबर आली तर 6 बँड, 30 आली तर 7, 35 आली तर 8. क्लासवाले म्हणतात, एवढ्या वेळात सगळं वाचून होत नाही. खरंच होत नाही? इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनात वाचतो तेव्हा त्याचा वेग मिनिटाला सरासरी 238 शब्द पडतो, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करून दाखवलं. आपण त्याच्या निम्मा, मिनिटाला 120 शब्द वेग धरू. तरी सगळ्यात लांब पेपरसुद्धा 23 मिनिटांत वाचून होतो आणि प्रश्नांना 37 मिनिटं उरतात. वेळ पुरत नाही तो साठ-सत्तर शब्दांवर अडकलेल्याला. त्याचा वेग वाढवायला हवा. त्याला आपण सांगतो काय, तर वाचूच नकोस. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शिवाय यात एक गंमत आहे, ती कुणी सांगत नाही. न वाचणारा उमेदवार प्रत्यक्षात जास्त वाचतो. पहिल्या प्रश्नाचा कीवर्ड शोधायला तो तिसऱ्या परिच्छेदात जातो, दुसऱ्यासाठी परत वर येतो, चौथ्यासाठी पुन्हा तिसऱ्यात. एकच परिच्छेद पाच वेळा चाळून होतो आणि पाचही वेळा तो कशाबद्दल आहे हे कळलेलं नसतं. ज्याने तो एकदा नीट वाचला, त्याला निदान कुठली गोष्ट कुठे आहे हे ठाऊक असतं. त्याचं स्कॅनिंग चालतं, कारण आधी वाचन झालेलं असतं.

आता ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या कुप्रसिद्ध प्रश्नाकडे येऊ. उदाहरण मुद्दाम मराठीत देतो, म्हणजे इंग्रजी येत नाही ही सबब राहणार नाही. समजा उताऱ्यात असं वाक्य आहे: ‘धरण झाल्यावर पहिल्या दहा वर्षांत ऊस घेणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढली, पण पाटबंधारे खात्याने धरलेल्या अंदाजाच्या जवळपासही ती पोचली नाही.’ आणि खाली तीन विधानं आहेत. एक, धरणानंतर ऊस घेणारे शेतकरी घटले. दोन, उसाकडे वळलेले शेतकरी खात्याच्या अपेक्षेपेक्षा कमी होते. तीन, पाणी वेळेवर न मिळाल्याने बरेच शेतकरी उसाकडे वळले नाहीत.

तिन्ही विधानांचे कीवर्ड तेच आहेत: ऊस आणि शेतकरी. शोधत गेलात तर तिन्ही वेळा याच ओळीपाशी येऊन थांबाल, आणि पद्धतीची सोबत तिथेच संपते. पहिलं विधान चूक आहे, कारण संख्या वाढलेली आहे, फक्त कमी वाढलेली आहे. ‘पोचली नाही’ एवढंच वाचणारा इथे फसतो. दुसरं बरोबर आहे, पण त्यातला ‘अपेक्षा’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. तिसऱ्यावर आपला सांगली-साताऱ्याकडचा मुलगा बेधडक ‘ट्रू’ लिहील, कारण कालव्याचं पाणी वेळेवर येत नाही हे त्याला घरच्या शेतावरून पक्कं माहीत असतं. उताऱ्यात मात्र कारणाचा पत्ताच नाही. उत्तर ‘नॉट गिव्हन’. हे तीन निर्णय घ्यायला पूर्ण वाक्य, त्यातला ‘पण’, आणि त्या ‘पण’ने वाक्याला दिलेली कलाटणी कळावी लागते. याला वाचणं म्हणतात. दुसरी युक्ती नाही.

बरं, ही कीवर्ड शोधायची सवय काही क्लासने लावलेली नाही. क्लासने ती आयती उचलली. आपल्या शाळांतून उतारा असाच सोडवला जातो. ‘व्हेअर डिड रामू गो?’ असा प्रश्न आला की उताऱ्यात ‘रामू वेंट’ शोधायचं आणि तिथून पूर्णविरामापर्यंत जसंच्या तसं उतरवायचं. अर्थ कळला नाही तरी गुण मिळतात. सीन पॅसेज तर गाईडमध्ये उत्तरांसकट छापलेलाच असतो. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासूनच्या मुलांनी दहा-दहा वर्षं इंग्रजी हा विषय शिकला आहे. त्यांच्यातली किती जण एक, फक्त एक, पूर्ण इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून बाहेर पडली, हे आपापल्या घरात विचारून पाहा. इंग्रजी माध्यमाच्या घरातही विचारा. उत्तर फार वेगळं येईल असं मला वाटत नाही.

आता शब्दांच्या यादीकडे. मी शिकवायला लागल्यापासून पाहिलेल्या व्होकॅबच्या वह्यांत एक सारखेपणा आहे. पहिलं पान सुवाच्य. अबॅन्डन – सोडून देणे. अबेट – ओसरणे. अबरेशन, अबॉर, अ‍ॅब्स्टेमियस. मराठी अर्थ लाल शाईने, मधे पट्टीने आखलेली रेघ. ‘बी’पर्यंत लाल शाई टिकते, ‘सी’मध्ये अक्षर बिघडतं, ‘डी’नंतर वही कोरी, आणि मागच्या पानांवर मेसचा हिशेब. त्यामुळे आपल्याकडे ‘अ‍ॅब्स्टेमियस’ येणारी पोरं पुष्कळ आहेत आणि ‘यील्ड’पाशी सगळी अडतात. इंग्रजीत कुठला शब्द किती वेळा भेटतो याचा त्याच्या पहिल्या अक्षराशी काही संबंध नाही, एवढी साधी गोष्ट ही यादी छापणाऱ्याला सुचलेली नसते.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून रेल्वे स्टेशनच्या स्टॉलपर्यंत जिथे इंग्रजीची तयारी विकत मिळते, तिथे नॉर्मन लुइस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ असतंच. पुस्तक चांगलं आहे, माझ्याकडेही आहे. पण ते 1949 सालचं आहे आणि ज्यांना इंग्रजी आधीपासून येतं, रोज वाचता-बोलता येतं, अशा अमेरिकन वाचकांची शब्दसंपत्ती वाढवायला लिहिलेलं आहे. घराच्या वरच्या मजल्याचं सामान आहे ते. आपण पायाच्या खड्ड्यात ओततो.

आणि ज्या परीक्षांच्या नावाने या याद्या विकल्या जातात, त्या परीक्षांनी काय केलं तेही पाहा. टोफेलमध्ये पूर्वी सुट्या शब्दांवरचे प्रश्न असत. 1995 मध्ये ते काढून शब्दांचे प्रश्न उताऱ्याच्या आत नेले. सॅटमधल्या अ‍ॅनॅलॉजी (शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायचे प्रश्न) 2005 मध्ये गेल्या. जीआरईमधले विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॅलॉजी ऑगस्ट 2011 मध्ये गेले. म्हणजे सुटा शब्द पाठ आहे यावरून माणसाला भाषा येते की नाही हे कळत नाही, असं परीक्षा घेणारेच म्हणून मोकळे झाले. क्लास मात्र त्याच झेरॉक्सची झेरॉक्स काढत बसले आहेत.

इथे एक प्रतिवाद येतो आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, शब्दच येत नसतील तर वाचायचं कसं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शंभर टक्के मान्य. हू आणि नेशन या संशोधकांनी 2000 साली तपासलं, की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले किती शब्द माहीत हवेत. उत्तर आलं, 98 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पन्नासात एकच शब्द अनोळखी. 900 शब्दांचा उतारा घ्या. 98 टक्के येत असतील तर 18 शब्द अडतात, तेवढे संदर्भाने काढता येतात. 95 टक्के येत असतील तर 45 अडतात आणि बहुतेकांचा अर्थाचा धागाच सुटतो. तेव्हा शब्द हवेतच. प्रश्न कुठले आणि कसे, हा आहे.

याचं निम्मं उत्तर आपल्याच उपखंडात शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते. 1926 मध्ये त्यांनी बंगालमधल्या द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की बंगाली मुलाला इंग्रजीची खरी गरज आहे ती वाचण्यासाठी, आणि त्याच्या हातात जी पुस्तकं दिली जातात त्यांत दर ओळीला नवा शब्द असल्याने तो वाचूच शकत नाही. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली ‘न्यू मेथड’ वाचनमाला तयार केली. पुढे 1953 मध्ये त्यांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ आली, सर्वांत उपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची. इंग्रजी शिकवण्याच्या जगात याहून गाजलेली यादी नसेल. ती पोरांनी घोकावी म्हणून केलेली नव्हती. सोपी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कुठल्या शब्दांत लिहावं, हे ठरवण्यासाठी ती होती. यादी पुस्तकासाठी होती. आपण पुस्तक फेकून दिलं आणि यादी ठेवली.

याद्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती खरी आहे. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं यांच्या गटांची, यादी केली. वेस्टच्या 2000 शब्दांच्या पलीकडचे हे शब्द कुठल्याही अभ्यासू मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात. आयेल्ट्स देणाऱ्याने हे 570 कार्डांवर लिहून, दर काही दिवसांनी परत परत पाहून पक्के करावेत. माझी ना नाही, आग्रह आहे. पण तिथे यादीचं काम संपतं. कादंबरी आणि वर्तमानपत्र 98 टक्के कळायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा पॉल नेशन यांचा 2006 चा हिशेब आहे. अडीच हजारांवरून आठ हजारांवर घोकून जाता येत नाही. घोकलेलं किती झपाट्याने विसरलं जातं हे एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय. जो शब्द पुन्हा भेटणार नाही तो राहणार नाही, आणि शब्द पुन्हा भेटण्याची जागा म्हणजे पुस्तक.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. वाक्य उलटं कळतं ते अवघड शब्दांमुळे क्वचित. ‘द डॉक्टर्स कुड हार्डली एक्स्प्लेन द फीव्हर, लेट अलोन ट्रीट इट.’ या वाक्यात यादीतला एकही शब्द नाही. सगळे शब्द सातवीतल्या मुलाला सुटे सुटे येतात. अर्थ असा, की ताप कशाचा हेच डॉक्टरांना धड सांगता येत नव्हतं, उपचार तर लांबच. पण ‘हार्डली’चा संबंध ‘हार्ड’शी लावून आणि ‘लेट अलोन’ म्हणजे एकटं सोडणं समजून याचा अर्थ ‘डॉक्टरांनी मेहनतीने समजावलं आणि रुग्णाला एकटं ठेवून उपचार केले’ असा सांगणारे पदवीधर मी पाहिले आहेत. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’मधला फरक, ‘अनलेस’, ‘अकाउंट फॉर’, ‘बाय नो मीन्स’: परीक्षेतली अर्धी ‘फॉल्स’ यांच्या आड दडलेली असतात. हे कुठल्या यादीत घालणार? ही मंडळी शेकडो वाक्यांतून भेटून भेटूनच ओळखीची होतात.

‘मग पेपर सोडवतो ना सर, वाचनच आहे ते.’ याचाही हिशेब करू. केंब्रिजच्या जुन्या पेपरांच्या एका पुस्तकात चार पेपर असतात. दहा पुस्तकांचा फडशा पाडला तर चाळीस पेपर, म्हणजे ढोबळमानाने लाखभर शब्द. जाडजूड वाटणारी ही तयारी एका मध्यम कादंबरीएवढी भरते. आणि आठवड्याला एक पेपर या चालीने तीन महिने तयारी करणाऱ्याचं सगळं वाचन तीस-पस्तीस हजार शब्दांचं. ऑर्वेलचं ‘अ‍ॅनिमल फार्म’ साधारण एवढंच आहे, आणि ते लोक रविवारी दुपारी वाचून संपवतात. त्यात पुन्हा पेपर सोडवून झाल्यावर मुलगा उताऱ्याकडे परत जात नाही. उत्तरपत्रिकेशी ताडून ‘24 आले’ म्हणतो आणि पुढचा पेपर काढतो. परत 24. नंतर 23. पेपर मोजण्यासाठी असतो. रोज मोजून उंची वाढत नाही.

पेपर अजिबात सोडवू नये असं मी म्हणत नाही. प्रश्नांचे प्रकार कळावेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत तेव्हा एकही जागा रिकामी सोडू नये, स्पेलिंग चुकलं तर उत्तर गेलं, हे माहीत असावं. त्याला सहा-सात पेपर भरपूर झाले.

क्लासच्या विरुद्ध टोकाला घरातले काका असतात. त्यांचा सल्ला: ‘रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाच, शब्द अडला की डिक्शनरी बघ.’ त्यांच्या पिढीने तर्खडकर गिरवले, वीरकरांची डिक्शनरी उशाला घेतली आणि त्यांना इंग्रजी आलं, हे खरं. पण ज्याला दोन हजार शब्द येतात त्याच्यापुढे अग्रलेख ठेवला की पहिल्या परिच्छेदात पंधरा शब्द अडतात, पंधरा वेळा डिक्शनरी उघडावी लागते, आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आठवड्याभरात अग्रलेख बंद होतो, आणि मुलगा असा समज करून घेतो की वाचन हे आपल्याच्याने होणारं काम नाही. काकांची नियत चांगली आहे, पण पुस्तक चुकीचं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. सोपं वाचा आणि ढीगभर वाचा. इतकं सोपं की डिक्शनरीला हात लावावा लागू नये. याला ‘अभ्यास’ म्हणायची लाज वाटेल इतकं सोपं. पदवीधर माणसाने ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’मधलं साठ पानी पुस्तक हातात घ्यावं, रस्किन बाँडच्या गोष्टी घ्याव्यात, सुधा मूर्ती घ्याव्यात, मग आर. के. नारायण यांच्या मालगुडीत जावं, आणि तिथून सलीम अलींच्या ‘फॉल ऑफ अ स्पॅरो’सारख्या आत्मचरित्राकडे. आयेल्ट्सचे उतारे पक्षी, शोध, जुनी शहरं, माणसाचं मन अशाच विषयांवर असतात, त्यामुळे ही शेवटची पायरी थेट परीक्षेच्या दारात नेऊन सोडते.

हे स्वप्नरंजन नाही. फिजीच्या खेड्यांतल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी चौथी-पाचवीच्या 380 मुलांपुढे इंग्रजी गोष्टींच्या चित्रमय पुस्तकांचा ढीग ठेवला. इंग्रजी तिथेही परकी भाषा. आठ महिन्यांनी तपासलं, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या मानाने ही मुलं वाचून आणि ऐकून समजण्यात दुप्पट वेगाने पुढे गेलेली होती. 1983 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षं होऊन गेली. वर्गात पुस्तकांचं कपाट ठेवायला मोठं संशोधन लागत नाही, पण असलेलं संशोधनही आपल्या कामी आलेलं नाही.

‘सर, हे सगळं ठीक, पण पोरांकडे वेळ कुठाय? कर्ज मंजूर झालंय, सप्टेंबरची अ‍ॅडमिशन आहे.’ माझ्या विरोधातला सर्वांत जड मुद्दा हाच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बापाने जमीन तारण ठेवलेली असते, तेव्हा पोराला मालगुडीत फिरायला पाठवणं क्रूरपणाचं वाटतं. म्हणून पुन्हा आकडेच मांडतो. रोज एक तास, तीन महिने. सुरुवातीचा रडतखडत वेग, मिनिटाला 80 शब्द, तोच शेवटपर्यंत राहिला असं धरलं तरी वाचन होतं 4 लाख 32 हजार शब्दांचं. पेपर सोडवणाऱ्याच्या तीस-पस्तीस हजारांच्या बारा-तेरा पट. आणि वेग 80 वर राहत नाही, तो वाढतो. हाच तास आज ‘अबेट’ आणि ‘अबॉर’ लाल शाईने लिहिण्यात जातो. वेळ नाही असं म्हणणाऱ्याकडे वेळ आहे. तो भलतीकडे चाललाय.

तीन महिन्यांत यातून आठ बँड येतील असं मात्र मी सांगणार नाही. साडेपाचचा साडेसहा होऊ शकतो, सहाचा सात होऊ शकतो. ज्याला सोपं पुस्तकही दर ओळीला अडवतं, त्याला तीन महिने पुरणार नाहीत, आणि हे त्याला तोंडावर सांगणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. ‘नव्वद दिवसांत पाचवरून आठ’ असे बोर्ड लावणाऱ्यांसाठी मराठीत म्हण तयारच आहे: पी हळद अन् हो गोरी.

‘पण आमच्याकडे आठ आलेले आहेत, फोटो बघा,’ असं उत्तर मिळतं. फोटो खरेच असतात. फोटोतली मुलं क्लासला येण्याआधी वाचत होती. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तकांचं फडताळ होतं, त्याला प्रश्नांचे प्रकार दाखवले की पंधरा दिवसांत आठ येतात. त्याच बाकावर शेजारी बसलेल्या, त्याच झेरॉक्स घोकलेल्या मुलाला साडेपाच येतात, आणि त्याचा फोटो बोर्डावर नसतो. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर आहे. तो ती दुसऱ्यांदा भरतो, मग तिसऱ्यांदा.

शिवाय परीक्षा कशासाठी आहे हेही विसरायला नको. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायला आयेल्ट्स दिली तर रीडिंगला 7 लागतात. तिथल्या वॉर्डात औषधाच्या तक्त्यावर ‘अनलेस’ लिहिलेलं असतं, आणि कीवर्ड शोधून तो तक्ता वाचणारी नर्स कुणालाही आपल्या आईच्या खाटेजवळ नको असेल. विद्यापीठात गेलेल्याला पहिल्याच आठवड्यात पन्नास-साठ पानं वाचून या म्हणतात. त्या पानांखाली प्रश्न छापलेले नसतात. आधी प्रश्न वाचायची पद्धत तिथे कशी वापरणार?

एक बाजूची गोष्ट, पण सांगायला हवी. मराठीतलं वाचन इथे फुकट जात नाही. रेक्ट आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये अमेरिकेत दाखवलं होतं, की बेसबॉलवरचा उतारा समजण्यात बेसबॉलची जाण असलेली कच्ची वाचक मुलं ती जाण नसलेल्या पक्क्या वाचकांना मागे टाकतात. मधमाश्या, भूकंप, जुनी जहाजं यांबद्दल ज्याने मराठीत मनापासून वाचलेलं आहे, त्याला इंग्रजी उताऱ्यात अर्धी ओळख आधीच असते. उलट ज्याला दिवाळी अंकातला एक लांब लेखही शेवटपर्यंत वाचवत नाही, त्याची अडचण इंग्रजी ही नाहीच. त्याला सलग अर्धा तास एका मजकुरापाशी बसता येत नाही, आणि परीक्षेत तेच एक तास करायचं असतं.

क्लास चालवणाऱ्या माझ्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. झेरॉक्सचा खर्च वाचवा आणि त्या पैशात शंभर पातळ पुस्तकं घ्या. एका कपाटात ठेवा, किल्ली लावू नका. आठवड्यातले दोन तास मुलांना नुसतं वाचू द्या, तुम्हीही त्यांच्यासमोर वाचत बसा. पालक तक्रार करतील की सर शिकवत नाहीत. त्यांना हा हिशेब दाखवा.

आणि परीक्षेला बसणाऱ्यांना: तारीख घेण्याआधी एक न पाहिलेला उतारा घ्या, पहिले शंभर शब्द वाचा, अनोळखी शब्दांवर खूण करा. दोन-तीन निघाले तर पुढच्या आठवड्यात पेपर सोडवायला लागा. पाचापेक्षा जास्त निघाले तर तारीख घेऊ नका. आधी वाचनालयात नाव घाला.